आठ भोकं, साडेचार महिने

माझ्या 14 फुटी फायबरच्या बोटीला दोन डाउनरिगर, म्हणजे गळ मोजून खोल पाण्यात नेणाऱ्या चरख्या, बसवले. काम म्हणाल तर काठाला आठ भोकं पाडायची आणि आठ बोल्ट कसायचे. 28 सप्टेंबर 2024 ला मनात घेतलं आणि 12 फेब्रुवारी 2025 ला पहिला धड मासा बोटीत आला. मधले साडेचार महिने कुठे गेले ते लिहून ठेवतो. मी शोधत होतो तेव्हा जे सापडलं ते सगळं इंग्रजीत, समुद्राएवढ्या तळ्यांचं आणि माझ्या घरापेक्षा मोठ्या बोटींचं होतं.

पवनी तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आम्ही ढीवर. बाबांचं आयुष्य डोंग्यावर आणि जाळ्यावर गेलं. मला जाळ्याचं नाही, गळाचं वेड. बोट दोन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या बोटिंगवाल्याकडून घेतली, मागे 5 हॉर्सपॉवरची मोटर. तिची नोंदणी हे वेगळं रामायण आहे, ते पुन्हा कधी.

अडचण अशी होती की गोसीखुर्द धरणाचं पाणी भरलं की हिवाळ्यात शिंगाळा मासा खाली जाऊन बसतो. वरून गळ ओढत फिरलं तर हाती जलपर्णी लागते. दोरीला जड शिसं बांधून गळ खाली नेला तर मासा लागल्यावर आपण शिसंच ओढत बसतो, माशाची ओढ हाताला कळतच नाही.

डाउनरिगर म्हणजे बोटीच्या काठावर बसणारी चरखी. तिच्यावर बारीक स्टीलची तार, पुढे दोन फुटी दांडा, दांड्याच्या टोकावरच्या कप्पीवरून तार पाण्यात आणि तारेच्या शेवटी चार-पाच किलोचा गोळा. गोळ्याच्या जरा वर एक चिमटा असतो, त्यात गळाची दोरी अडकवायची आणि गोळा हव्या तितक्या खोलीवर सोडायचा. चरखीवरचा काउंटर फूट दाखवतो. मग बोट बैलगाडीच्या चालीने चालवायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. गोळा त्याच्या तारेवर राहतो आणि मासा तुमच्या गळावर, मध्ये वजन नाही. अमेरिकेत 1966 साली मिशिगन सरोवरात कोहो सामन सोडला आणि खोल, थंड पाण्यातला तो मासा धरायला तिकडे या यंत्राची चलती झाली. आपल्याकडे सामन नाही, पण गळ मोजून खाली न्यायची गरज तीच.

3 ऑक्टोबरला दोन डाउनरिगर परदेशातून मागवले. हाताने फिरवायचे. विजेवर चालणारेही मिळतात, पण त्यांच्यासाठी बोटीत बॅटरी ठेवायची, वायरिंग करायचं, आणि दिवसभर दुकानात मी तेच करतो. गोळे मात्र मागवले नाहीत. शिसं विमानाने आणायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पार्सल मुंबईला पोचलं आणि तिथेच बसलं. कुरियरवाल्यांना केवायसी हवं होतं. ऑर्डरवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव. तेवढ्यावरून कागद दोनदा परत आले. मग विचारणा आली की ही वस्तू नेमकी काय आहे? पेटीवर जे लिहिलं होतं त्यावरून त्यांना ती माल उचलायची विंच वाटली असावी. वस्तूचा फोटो, कॅटलॉगचं पान आणि "स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नाही" असं सही करून पाठवलं तेव्हा ड्यूटीचं बिल आलं. 26 ऑक्टोबरला पेटी दुकानात. वस्तू, भाडं, ड्यूटी सगळं मिळून 58,700 रुपये. ऑर्डर करताना नाव आधारवर आहे तसंच, एक अक्षर न बदलता टाका. माझे त्यात सहा दिवस गेले.

तोवर दुसरीकडे कागद फिरायला लागला होता. पाणी मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे, म्हणून 7 ऑक्टोबरला संस्थेकडे साध्या कागदावर अर्ज दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 13 तारखेला बैठक झाली. मी मोबाइलवर चित्र दाखवलं. सगळ्यांनी फोन हातोहात फिरवला. बाबांच्या वयाचे एक काका म्हणाले, "हा गोळा आमच्या जाळ्यात गुतला तं जाळं कोण भरून देईन?"

प्रश्न बरोबर होता आणि मी त्याचा विचारच केला नव्हता. स्टीलची तार आणि पाच किलोचा गोळा नायलॉनच्या जाळ्यातून गेला तर जाळं फाटणारच. शेवटी ठराव झाला: गळाला हरकत नाही. जाळ्यांच्या तरंड्यांपासून 100 पावलं लांब राहायचं. मासा संस्थेच्या काट्यावर दाखवायचा, बाहेर विकायचा नाही. पावसाळ्यात, माशांच्या अंड्यांच्या दिवसांत, बोट पाण्यात घालायची नाही. करांडला अभयारण्याच्या बाजूच्या काठाकडे तर अजिबात फिरकायचं नाही. हे सगळं मला मान्य होतं. पण सचिव म्हणाले, "ठराव आमचा झाला, पण ऑफिसचं एक पत्र आणा. उद्या कोणी विचारलं तं कागद दाखवता आला पाह्यजे."

ते एक पत्र! 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. 16 ला मी अर्ज घेऊन त्या सरकारी ऑफिसात गेलो. "आचारसंहिता आहे, निकालानंतर या." माझ्या गळाचा आणि मतदानाचा काय संबंध हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण अडला हरी. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. 26 ला गेलो तर अर्ज सापडेना. मी 16 तारखेला आवक क्रमांक घेतला नव्हता, ही माझी चूक. नवा अर्ज दिला, आपल्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला, त्याचा मोबाइलवर फोटो काढला. डिसेंबरात दोनदा गेलो तर साहेब अधिवेशनाच्या तयारीत. 16 डिसेंबरपासून नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं, आणि तेव्हा विदर्भातलं कुठलंही ऑफिस म्हणजे लग्नघरातला स्वयंपाकी: हात मोकळा नसतो आणि ओरडलेलंही चालत नाही. 9 जानेवारीला पत्र मिळालं. दोन ओळींचं. "संस्थेच्या ठरावाच्या अधीन राहून" एवढाच त्यातला जीव. एकूण पाच खेपा. कोणी पैसे मागितले नाहीत, हेही लिहायला हवं.

पत्राची वाट पाहत हात बांधून बसलो नाही. दिवाळी झाल्यावर, 5 नोव्हेंबरला बोट अंगणात उलटी-सुलटी करायला घेतली. मदतीला साळा. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या जत्रेचे, दिवस होते, तो रात्रभर नाटक पाहून सकाळी लाल डोळ्यांनी ड्रिल धरायला यायचा. ते मी दोन दिवसांनी बंद केलं आणि ड्रिल स्वतः धरलं.

जागा ठरवायला सगळ्यात जास्त वेळ द्या. मला वाटलं होतं, मागच्या कोपऱ्यात बसवून मोकळं व्हावं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे पायाच्या मापाने कापले, त्यांना दोन फुटी काड्या लावल्या, काठावर चिकटवले आणि बोट पाण्यात नेली. तिथे तीन गोष्टी कळल्या. एक, मोटरचा दांडा पूर्ण वळवला की माझं कोपर पुठ्ठ्यावर आपटतं. दोन, बोट झटकन वळवली की तार पंख्याच्या बाजूला येते. स्टीलची तार पंख्यात गेली तर पुढचं सांगायला नको. तीन, आम्ही दोघं मागे बसलो की मागचा काठ पाण्याच्या वर एक वीतभरच उरतो. म्हणून पाया मागच्या फळीपासून 45 सेंटिमीटर पुढे घेतला, दोन्ही बाजूंना समोरासमोर. आणि तिथे काठाखाली हात घालून नट धरता येतो का ते पाहिलं. हे आधी पाहावं. भोक पाडल्यावर आत हात जात नाही असं कळलं तर रडायलाही जागा नसते.

आता जोराचा हिशेब. गोळा साडेचार किलोचा, त्याचं काही वाटत नाही. पण गोळा खाली कुठे अडकला आणि बोट पुढे चालत राहिली तर? समजा चरखीचा ब्रेक 15 किलोला घसरायला लागतो. दांडा 60 सेंटिमीटर, पायाच्या बोल्टांमध्ये अंतर 8 सेंटिमीटर. म्हणजे 15 गुणिले 60 भागिले 8. आतल्या बाजूच्या दोन बोल्टांना मिळून 112 किलो जोराने उपटायचा प्रयत्न होणार. बोटीचा काठ फायबरच्या चार-पाच मिलिमीटरचा. नुसते स्क्रू मारले असते तर यंत्र काठाच्या तुकड्यासकट तळाला गेलं असतं. म्हणून आरपार बोल्ट, आणि काठाच्या खालून 6 मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमची प्लेट, 30 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे ओढ मोठ्या जागेवर वाटली जाते. प्लेटचे कोपरे कानशीने गोल केले. टोकदार कोपरा फायबरला हळूहळू चिरतो.

बोल्टांसाठी तालुक्याच्या दुकानात "स्टीलचे द्या" म्हटलं तर त्याने चकचकीत दिले. मी खिशातून चुंबक काढला, टच्कन चिकटला. चमक नुसती मुलाम्याची होती. नागपूरहून 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे एम-8 चे (8 मिलिमीटर जाड) बोल्ट, नायलॉक नट आणि मोठे वायसर आणले. गोड्या पाण्याला 304 पुरतं. कोकणातले कोणी वाचत असतील तर त्यांनी खाऱ्या पाण्यासाठी 316 घ्यावेत.

ड्रिल मारायच्या आधी रुपयाच्या नाण्याने काठ ठोकत गेलो. टण, टण, टण, टण. डाव्या बाजूला एका ठिकाणी एकदम धप. मी कान लावला, पुन्हा ठोकलं. धप. मनात म्हटलं, जाऊ दे, जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, जाड असेल. मन असंच सांगतं.

भोक पाडायची रीत अशी: जागेवर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर खूण करायची. आधी ड्रिल उलट्या दिशेने फिरवायचं, म्हणजे वरचा चकचकीत थर उपटला न जाता खरवडला जातो. तो ओलांडला की सुलट. पहिलं भोक 4 मिलिमीटरचं, मग साडेआठचं. शेवटी मोठं बिट हाताने फिरवून भोकाची कड तिरपी करायची, नाहीतर बोल्ट कसताना कडेपासून केसासारख्या भेगा धावतात. तोंडाला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. मी पहिल्या दिवशी बनियनवर होतो. फायबरची खाज दोन रात्री गेली नाही. खोबरेल तेल लावलं तर आणखी वाढली.

शेजारचे एक भाऊ कुंपणाशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "बोटीले भोकं पाडून राहिले काजी? लोकं बुजवतेत."

उजव्या बाजूची चार भोकं लोण्यासारखी झाली. डावीकडचं तिसरं भोक म्हणजे ती धप वाजलेली जागा. बिट आत गेलं आणि जोरच लागेना. बाहेर काढलं तर त्याच्या आट्यांतून चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला भुगा आला. मागून पाणी. थेंब थेंब, काळं, कुजलेल्या पानांच्या वासाचं. बोट कित्येक दिवस उन्हात कोरडी पडली होती आणि तिच्या काठात पाणी होतं. मी तिथेच फतकल मारून बसलो.

काठाच्या आत मजबुतीसाठी प्लायवूडची पट्टी होती. आधीच्या मालकाने तिथे छपराचा दांडा बसवायला दोन स्क्रू मारले असावेत. स्क्रू काढून भोकांवर नुसता रंग फासला होता. तेवढ्यातून वर्षानुवर्षं पाणी शिरत राहिलं. आतली पट्टी वीतभर लांब कुजली होती.

पुढचे नऊ दिवस त्यात गेले. खिळा वाकवून ड्रिलला लावला आणि भोकातून आतला कुजका भुगा उकरत राहिलो, वाजवून घट्ट आवाज येईपर्यंत. मग बोट उलटी करून दिवसा ऊन आणि रात्री टेबलफॅन. नोव्हेंबरची कोरडी हवा होती म्हणून निभावलं, ऑगस्टात हे जमलं नसतं. भुगा बोटांत चुरला की पिठासारखा उडायला लागला तेव्हा वाळलं असं धरलं. खालून टेप लावून वरून इपॉक्सी ओतली. नुसती पातळ नाही, आधी थोडी पातळ, मग घट्ट करायची पावडर घालून श्रीखंडाएवढी. एकदम ओतू नका, तापते. मी दुसरा थर जाड घातला तर हातातला प्लास्टिकचा ग्लास मऊ पडला. दोन दिवसांनी त्याच जागी नव्याने भोक पाडलं. आता भोकाच्या चारी बाजूंना इपॉक्सी, लाकूड कुठेच उघडं नाही. मग उजवीकडच्या चांगल्या भोकांनाही तेच केलं. आधी मोठी पाडली, भरली, पुन्हा पाडली. सरळ काम दुप्पट झालं, पण काळं पाणी एकदा पाहिलं की माणूस सुधारतो.

एक चूक मात्र हौसेची. काठ थोडा उताराचा, पाया सपाट. मध्ये काहीतरी पाचरीसारखं हवं होतं. बाजारातून भाजी कापायचा प्लास्टिकचा जाड पाट आणला, 220 रुपये, घासून उतार दिला, खाली पॉलियुरेथेन सीलंट लावलं. दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी नखाने कोपरा उचलला आणि पाट पापडासारखा निघून हातात आला. सीलंट सगळं काठावर, पाटाला कणही नाही. त्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही, म्हणून तर त्यावर भाजी चिकटत नाही! ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मग फायबरची कापड-पट्टी आणि रेझिन घेऊन थरावर थर देत पाचर घरीच केली. पाट बायकोने स्वयंपाकघरात नेला. तिच्या मते या सगळ्या खर्चातली तेवढी एकच वस्तू कामाची आहे.

बोल्ट कसताना घाई नको. भोकाभोवती आणि बोल्टाच्या मानेला सीलंट लावायचं, नट हलक्या हाताने बसवायचा, सीलंट चहूबाजूंनी जरासं बाहेर आलं की थांबायचं. पूर्ण कसलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत काही उरत नाही. एक दिवस जाऊ द्यायचा, मग खालून नट कसायचा. वरून बोल्टाचं डोकं फिरू द्यायचं नाही. आणि स्टेनलेसचे नट कधीही मशिनने कोरडे कसू नका. मी पहिला नट ड्रिलने भर्रकन चढवला, अर्ध्यावर तो जाम झाला, ना पुढे ना मागे. आटे एकमेकांना धरून बसतात. ग्राइंडरने कापला, इपॉक्सीचा थोडा भाग जळाला, पुन्हा भरला. बाकीचे सात ग्रीस लावून पान्याने, हाताने. 3 डिसेंबरला दोन्ही पाये बसले. पायांच्या भोवती काठावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. ती कशासाठी ते पुढे.

गोळ्यांसाठी पहिल्यांदा धान्याच्या दुकानातलं जुनं 5 किलोचं लोखंडी वजन वापरून पाहिलं. फुकट होतं. पाण्यात ओढलं की ते भोवऱ्यासारखं फिरतं, आणि तारेवर गळाची दोरी गुंडाळली जाते. लोखंड शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाला आकार मोठा, पाणी त्याला मागे ढकलतं, तार तिरपी होते आणि काउंटर म्हणतो त्यापेक्षा गोळा वरच राहतो. शेवटी जाळ्याचं शिसं विकणाऱ्याकडून साडेनऊ किलो घेतलं, 2,100 रुपये, आणि लोहाराकडे मोकळ्या जागेत दोन गोळे ओतून घेतले. मागे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं शेपूट, म्हणजे फिरत नाही. साचा भट्टीजवळ ठेवून आधी खडखडीत वाळवा. ओलसर साच्यात वितळलेलं शिसं पडलं की उसळतं. धुरासमोर उभं राहू नका आणि पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. प्लेटा, बोल्ट, इपॉक्सी, सीलंट, शिसं, नागपूरची एक खेप, सगळं मिळून वरचा खर्च 7,350.

ब्रेक लावायला बॅगा मोजायचा हुकाचा डिजिटल काटा वापरला. तारेला अडकवून ओढायचं आणि किती किलोला चरखी घसरते ते पाहायचं. आधी ती 15 च्या वर होती, मी 9 वर आणली. गोळ्याच्या वजनाच्या दुप्पट, त्याहून जास्त लहान बोटीला नको. शिवाय तार कापायचा पक्कड दोरीने काठालाच बांधून ठेवला आहे. अडकलेली तार सुटलीच नाही तर ती तोडायची, हे निघायच्या आधीच मनात ठरवून ठेवावं. अंगावर लाइफ जॅकेट, एकट्याने जायचं नाही, आणि धरणाच्या 33 दरवाज्यांतला एक जरी उघडा असेल तरी त्या अंगाला जायचं नाही.

19 जानेवारीला बोट पाण्यात घातली. सोबत मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधी भूमिपूजनाला आले तेव्हा ते गर्दीत उभे होते. माझ्याकडे तळ दाखवणारं यंत्र नाही. मी गाठी मारलेली दोरी टाकून खोली मोजतो. मामाजी पुढे बसले होते, काठावरच्या टेकडीवरचं देऊळ आणि पल्याडचा विजेचा टॉवर यांच्याकडे आलटून पालटून पाहत.

"इकडून नका जाऊ जवाईबापू. इथं पाटलाचा आंबा होता."

गोळा 18 फुटांवर होता, पाणी 26 फूट. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत आंबा कुजला असेल. दहा-बारा हात पुढे गेलो आणि डावीकडची चरखी कर्रर्र करून ओरडली. बोटीचा मागचा कोपरा खाली बसला, दांडा धनुष्यासारखा वाकला, आणि ब्रेक घसरत तार सुटत राहिली. मोटर न्यूट्रलला टाकली. मग वल्ह्याने बोट आल्या वाटेने मागे नेली, तार सरळ उभी झाली, दोन हिसके दिले आणि गोळा सुटला. त्याच्या शेपटाला काळ्या सालीचा तुकडा लागून आला होता. मामाजींनी तो काढून घेतला, नखाने खरवडला आणि काही न बोलता खिशात टाकला.

किनाऱ्याला आल्यावर पेन्सिलीची रेघ पाहिली. पाया रेघेवरून केसभरही हलला नव्हता. काठाखाली हात फिरवला, कोरडा. त्या दिवशी मासा नाही.

12 फेब्रुवारीला लागला. 22 फुटांवर, सकाळी साडेआठला. चिमट्यातून दोरी सुटली की वाकलेली काठी एकदम सरळ होते, आणि मग पुन्हा वाकते ती माशाने. 2 किलोचा शिंगाळा. संस्थेच्या काट्यावर दाखवला, रजिस्टरात लिहिला. घरी बायकोने 66 हजार भागिले 2 केले आणि पूर्ण आळीला सांगितलं की आमच्याकडे 33 हजार रुपये किलोचा मासा आहे, रस्सा प्यायला या.

त्याच दिवशी परत येताना मामाजी म्हणाले, "जरा थांबवा जी." देऊळ आणि टॉवर पाहत त्यांनी हाताने मला डावीकडे, अजून डावीकडे असं नेलं. मोटर बंद केली. वारा नव्हता. "आता तो गोळा सोडा. सावकाश."

मी काउंटर शून्यावर आणून गोळा सोडला. बोट उभी असली की तार सरळ जाते, आकडा खरा येतो. दहा, पंधरा, वीस. सत्तावीसला तार सैल पडली.

"किती?"

"सत्तावीस."

ते थोडा वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "सत्तावीस तं हा ओटा होय," म्हणाले. "अंगण त्याच्याहून फूटभर खाली."

गोळा वर उचलून बोट दोन हात पुढे सरकवली आणि पुन्हा सोडला. अठ्ठावीस.